भिंतीवरचं सव्वीस

धारवाडात पंखा लावणारा माणूस आमच्या घरात लेचापेचा समजला जायचा. सप्तापुरातल्या आमच्या जुन्या घरात छताला पंख्याचा हूक होता, पण अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला शेवटपर्यंत पंखा लावू दिला नाही. मी तान्हा असताना त्या हुकाला माझा पाळणा टांगला होता, एवढाच त्याचा उपयोग. सोलापूरकडचे पाहुणे आले की अप्पा त्यांना संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसवायचे आणि विचारायचे, "काय, वारा कसा आहे?" पाहुणा "वा, छान!" म्हणाला की अप्पा असे हसायचे, की जणू वारा त्यांनीच सकाळी उठून तयार करून ठेवला होता. तर अशा घरात मी वाढलो. थंड हवा ही आमची वडिलोपार्जित इस्टेट आहे, असं मला खरंच वाटायचं.

बायको मात्र मी हुबळीची केली. केशवापूरची, व्यापाऱ्याच्या घरातली. लग्न ठरलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "अरे, हुबळीची? तिला इथली थंडी सोसेल का?" हुबळी म्हणजे काही वाळवंट नव्हे हो, बसने जेमतेम तासाभराची वाट. पण आमच्या लेखी ते उष्ण, धुळीचं, बाजाराचं गाव, आणि आम्ही इकडे थंड हवेत शिकणारे-शिकवणारे लोक. लग्न झाल्यापासून मी तिला यावरून चिडवत आलो. तीही हसून सोडून द्यायची. "असू दे तुमचं महाबळेश्वर," म्हणायची.

गेल्या वर्षी मार्चच्या सुरुवातीची गोष्ट. सकाळचा चहा घेताना ती म्हणाली, "अहो, मला फार गरम होतंय. सहनच होत नाही. खोलीत ए.सी. बसवू या."

मी हसलो. माझं हे हसणं मला आता आठवतं तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. "धारवाडात कुणाला गरम होतं?" मी विचारलं.

"मला होतं," ती म्हणाली. ती हसली नाही.

खरं सांगायचं तर धारवाड आता अप्पांच्या वेळचं राहिलेलं नाही. रस्ते रुंद झाले, झाडं गेली, आणि एप्रिलच्या दुपारी माझ्याही डोक्यातून घामाच्या धारा लागतात. पण हे कबूल कोण करणार? मी गुपचूप चौकातल्या औषधाच्या दुकानात जायचो. तिथे ए.सी. आहे. खोकल्याच्या गोळ्या निवडायला मी वीस-वीस मिनिटं लावायचो. दुकानदार बिचारा मला छातीचा जुनाट विकार आहे असं समजून हळू आवाजात बोलायचा. घरी येऊन मी पुन्हा बायकोला ऐकवायचो, "जरा खिडकी उघडी ठेव, वारा येईल."

पंधरा दिवसांनी तिने निर्वाणीचंच सांगितलं. ती इथल्याच एका हायस्कुलात हिंदी शिकवते. "सुट्टी लागायच्या आत काय ते करा," ती म्हणाली. "नाहीतर मी अण्णाकडे जाते. आणि शाळा सुरू झाली तरी परत यायची नाही. केशवापूरहूनच रोज बसने ये-जा करीन." अण्णा म्हणजे तिचा भाऊ.

मला हे कसं लागलं, काय सांगू! बायको माहेरी जाते म्हणाली याचं दुःख नंतर. आधी डोक्यात आलं ते हे, की धारवाडच्या माणसाची बायको गरम होतंय म्हणून हुबळीला निघाली! लोक काय म्हणतील? माणूस इतका मूर्ख असू शकतो, आणि वर निवृत्त प्राध्यापकही असू शकतो.

मुलगी बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तिने दिवाळीला आम्हाला घर आपोआप चालवणारी एक यंत्रणा आणून दिली होती. एक पांढरा डबा, त्याला जोडलेले दिवे, आणि बोळात कुणी आलं की दिवा लावणारा एक डोळा. सगळं फोनवरून चालायचं. मीही तिचा अप्पाच. आईचं गाऱ्हाणं ऐकून ती म्हणाली, "अप्पा, अगदी सोपं आहे. एक ए.सी. घ्या, एक चांगला थर्मोस्टॅट घ्या, दोन्ही त्या डब्याला जोडा. खोली तापली की ए.सी. चालू, निवली की बंद. आईला काही करायलाच नको."

आता, थर्मोस्टॅट म्हणजे तापमान बघून यंत्र चालू-बंद करणारी चकती, हे मी एका कॉलेजात तीस वर्षं मुलांना शिकवलं. पदार्थविज्ञान हा माझा विषय. फळ्यावर लोखंडाची नि पितळेची पट्टी काढून ती तापल्यावर कशी वाकते, हे मी इतक्यांदा दाखवलं आहे की माझी मुलगी चौथीत असताना झोपेतही ते म्हणायची. आणि अशा माणसाला कुणी तरी सांगतंय, थर्मोस्टॅट निवड! माझ्या अंगात वारं शिरलं. मी जाहीर केलं, "ए.सी. कुठलाही चालेल. पण थर्मोस्टॅट भरवशाचा हवा. तो मी निवडीन."

बायकोने विचारलं, "किती दिवस लागतील?"

"घाई करून कसं चालेल?" मी म्हणालो.

एक दोनशे पानी वही काढली. रकाने आखले. भरवशाचा म्हणजे काय, ते पहिल्या पानावर लिहिलं. आकडा खरा दाखवला पाहिजे. वीज जाऊन आली तर आधीचं सगळं लक्षात राहिलं पाहिजे. इंटरनेट बंद पडलं तरी स्वतःच्या अकलेने चाललं पाहिजे. आणि फोन हाताशी नसला तर बोटाने दाबायला एक साधं बटण पाहिजे. हे चारही मुद्दे अगदी शहाणपणाचे होते, आणि आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. माझा शहाणपणा चार मुद्द्यांपर्यंत ठीक होता, पाचव्यापाशी बोंब झाली. पण ते पुढे येईलच.

तीन यंत्रं मागवली. एक हुबळीच्या दुकानातून, दोन कुरियरने. परत करायची मुदत असते, तेवढ्यात परीक्षा घ्यायची. तिन्हींना दोऱ्याने एका हँगरला बांधलं. हँगर बायकोचा, साडीचा. तो झोपायच्या खोलीत पडद्याच्या दांडीला लटकवला आणि शेजारी माझा पाऱ्याचा थर्मामीटर. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-नारळाबरोबर मला तो दिला होता, प्रयोगशाळेतला. त्या दिवशी माझे डोळे भरून आले होते ते शालीमुळे नव्हे. दर दोन तासांनी मी खोलीत जाऊन चारही आकडे लिहायचो. थंडीत कोण कसं वागतं ते बघायला यंत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्येही ठेवली. एकदा बायकोने कोथिंबिरीच्या नि दह्याच्या मधून एक चकती बाहेर काढली आणि विचारलं, "हे नासलंय की अजून चालेल?"

मी म्हणालो, "ठेव, ठेव! अजून दहा मिनिटं आहेत."

तिने ते परत ठेवलं. फ्रिजचं दार उघडं धरून ती बराच वेळ तशीच उभी राहिली, आणि मी तिच्यावर ओरडलो, की दार लाव, आकडा हलेल.

पहिल्या यंत्राची स्मृती वीज गेली की जायची. परत आली की ते पहिल्या दिवसासारखं कोरं, कुणाचं घर नि कोण मालक. ते परत पाठवलं. दुसरं इंटरनेट असेपर्यंत मोठं हुशार, नसलं की नुसतं घड्याळ. तेही गेलं. तिसरं मात्र गुणाचं निघालं. वीज जाऊ दे, इंटरनेट जाऊ दे, हे आपलं काम करत राहायचं. बटणंही होती, चांगली ठसठशीत. एकच खोट होती. ते पाऱ्यापेक्षा दोन अंश कमी दाखवायचं. पारा अठ्ठावीस म्हणाला की हे म्हणायचं सव्वीस.

आता वर्गातल्या कुठल्याही मुलाने सांगितलं असतं, सर, आकडा चुकतोय, दोन मिळवा. ती सोयही त्यात होती. माहितीपत्रकात सहाव्या पानावर लिहिलं होतं, मी स्वतः वाचलं होतं, खाली रेघ मारली होती. पण भर एप्रिलात, दुपारी बाराला, त्या चकतीवर सव्वीस हा आकडा बघितला आणि मला इतकं बरं वाटलं, की मी ती सोय वापरली नाही. सव्वीस! माझे अप्पा असते तर पाहुण्यांना बोलावून दाखवलं असतं. एखादा विद्यार्थी प्रयोगात हवं ते उत्तर यावं म्हणून आकडे फिरवायचा, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर उभं करायचो. इथे मला उभं करणारं कुणी नव्हतं. मी वहीत लिहिलं, "तिसरा. अत्यंत भरवशाचा."

ए.सी. आला. बसवायला जुन्या हुबळीचा एक इलेक्ट्रिशियन आला, माझ्याच वयाचा, कामात जुना मुरलेला. थर्मोस्टॅट कुठे लावायचा, हा तो पाचवा मुद्दा. जागा मी त्याला दाखवली. पलंगाच्या पायथ्याशी, न्हाणीघराच्या भिंतीवर, खाली कमरेच्या उंचीवर. त्याने भिंतीला हात लावून बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

"याक्री सर, इल्ली?" का हो सर, इथे? मग तो मला समजावू लागला, ही ओली भिंत आहे, सदा गार असते. चकती मधल्या कोरड्या भिंतीवर लावा, माणसाच्या छातीएवढी उंच, म्हणजे माणसाला वाटतं ते तिला कळेल.

त्याला मी पाऊण तास कन्नडमधून उष्णतेच्या वहनावर व्याख्यान दिलं. तो ऐकत राहिला, शेवटी म्हणाला, "आय्तु बिड्री, सर. बरं, राहू द्या. तुमचं घर, तुमची भिंत." आणि भोकं पाडली.

मी हे मुद्दाम केलं का? तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी तोंड वर करून नाही म्हणालो असतो. पण गार भिंत, खालची जागा आणि दोन अंश कमी दाखवणारं यंत्र, हे तिन्ही योगायोगाने एकत्र येत नाहीत. फोनवर नियम मीच घातला, तीस अंश झाले की ए.सी. चालू. त्या भिंतीवर तीस व्हायला घराला आग लागायला हवी होती. शिवाय हाताने ए.सी. चालू केला तर यंत्रणेचा घोळ होतो, असं सांगून मी चकतीच्या बटणांना हात लावायची मनाई केली आणि ए.सी.चा रिमोट माझ्या कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप.

पंधरा दिवस ए.सी. भिंतीवर नवा कोरा बसून होता. त्याच्यावरचं स्टिकरही निघालं नव्हतं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचो, "बसवला खरा, पण लागतच नाही हो. आपलं धारवाड!"

बायको पलंगावर बसून पदराने वारा घ्यायची आणि भिंतीकडे बघायची. "चालू करा की."

"तीस झाले की आपोआप होईल."

"कधी होतील?"

"व्हायला तर पाहिजेत ना! आत्ता सव्वीस आहेत. सव्विसात गरम होतं म्हणणारी तू पहिलीच."

शेवटचं वाक्य मी हसत हसत म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मला दिसलं. मला वाटलं, हरली म्हणून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठचा आकडा लिहीत होतो तेव्हा ती बॅग भरून दारात उभी होती. शाळेला सुट्टी लागलेलीच होती. "मी अण्णाकडे जाते," ती म्हणाली. "तुम्ही राहा या भिंतीबरोबर." आणि गेली. मी खिडकीतून बघत होतो. कोपऱ्यावर रिक्षा थांबवताना तिने एकदा कुंपणाचा आधार घेतला. मला वाटलं, चपलेत खडा गेला असेल.

आठ दिवस मी त्या भिंतीबरोबर राहिलो. शेजारचे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ रोज फाटकाशी उभे राहून विचारायचे, "वहिनी दिसत नाहीत?" मी म्हणायचो, "सुट्टी ना, भावाकडे गेलीय." ते म्हणायचे, "हौदा? असं होय? एवढ्या उन्हात हुबळीला?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. फोन केला की ती "बरी आहे" म्हणायची आणि भावजयीकडे फोन द्यायची. मुलगी म्हणाली, "अप्पा, मी इथे बसून तो नियम बदलू शकते. बदलू का?"

"खबरदार!" मी म्हणालो. "मी सिद्ध करून दाखवतो."

"अप्पा, काय सिद्ध करताय? आईशी बोललात का तुम्ही?"

"बोलायचं काय त्यात? वही आहे माझ्याजवळ."

आणि खरोखर, नवव्या दिवशी मी ती वही आणि थर्मामीटर पिशवीत घालून केशवापूरला गेलो. बसमध्ये बसून मी काय काय बोलायचं ते ठरवत होतो. तारखेनिहाय आकडे दाखवायचे. ती निरुत्तर होणार. मग मी मोठ्या मनाने म्हणणार, जाऊ दे, चल घरी. मला त्यात आनंदसुद्धा होत होता. तिच्याविना घर खायला उठलं होतं, हे मला कळत होतं, पण ते सांगायला मला आधी जिंकायचं होतं.

मेहुणे दुकानात गेले होते. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दार उघडलं. "या भावजी," म्हणाल्या, पाणी दिलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. मी दार ढकललं तर अंगावर काटाच आला. ए.सी. धो धो चालला होता, त्यावर वीसचा आकडा. आणि त्या गारठ्यात माझी बायको खुर्चीवर बसली होती. चेहरा लालबुंद. केस कपाळाला चिकटलेले, मानेवर ओला नॅपकिन, ब्लाउज पाठीवर घामाने भिजलेला. वर्तमानपत्राची घडी करून ती वारा घेत होती.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "यांच्या ए.सी.चा सेन्सर बिघडलाय."

एवढंच नव्हे. मी पिशवीतून थर्मामीटर काढला, खोलीच्या मध्यभागी हात लांब करून धरला, आणि पारा थांबेपर्यंत उभा राहिलो. बायको माझ्याकडे बघत होती. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. "एकवीस," मी म्हणालो. "एकविसात तुला घाम कसा येतो?" आणि हे मी परीक्षेत कॉपी पकडल्यावर विचारायचो त्याच सुरात विचारलं.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "ते आधी पिशवीत ठेवा."

मी ठेवलं.

"तिची पाळी जायचे दिवस आहेत. दीड वर्ष झालं. मलाही तीन वर्षं हेच झालं होतं. आतून वाफ उठते, छातीतून वर डोक्यापर्यंत. खोली गार असू दे नाहीतर गरम. तुमच्या यंत्राला ते कळायचं नाही."

आमच्या घरात हा शब्द माझ्यासमोर कुणी कधी उच्चारला नव्हता. आई, आत्या, कुणीच नाही. बायकोनेही नाही. मी खाली बघितलं, मग तोंडाला येईल ते बोललो, "मग ए.सी. कशाला मागितलास?"

"ए.सी. मागता येतो म्हणून," ती म्हणाली. "दुसरं काय मागायचं, ते मलाच कळत नव्हतं."

वहिनी चहा ठेवायला म्हणून गेल्या. मी पलंगाच्या कडेवर टेकलो. ती म्हणाली, "आता मी सांगते. मधे बोलायचं नाही." आणि तिने सांगितलं.

मार्चच्या अखेरीस, परीक्षा चालू असताना, वर्गात पहारा करता करता तिला तसं झालं. छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिची आईही शिक्षिका, ती हृदयविकाराने गेली होती, तिच्या शाळेतच, स्टाफरूममध्ये. हिला वाटलं, आता आपलीही वेळ आली. शिपाईबाईंनी खुर्ची आणली, पाणी पाजलं, आणि मुख्याध्यापिकांनी रिक्षात बसवून घरी पाठवलं. "रिक्षात मी एकच घोकत होते," ती म्हणाली, "घरी हे आहेत. यांना सांगायचं. पोचले आणि खोलीचं दार ढकललं. तुम्ही हँगरसमोर उभे होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता हात वर केलात आणि म्हणालात, थांब, आत येऊ नकोस, आकडा स्थिर होऊ दे."

मला तो दिवस आठवला. त्या दिवशीचे आकडेसुद्धा आठवले. ती लवकर कशी आली असं मला वाटलं होतं आणि मी धरून चाललो होतो, की अर्धी शाळा असेल. मग ती काय करत होती, हे मला आठवेना, कारण मी बघितलंच नव्हतं.

"मी स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर आडवी झाले," ती म्हणाली. "फरशी गार होती. अर्ध्या तासाने बरं वाटलं. मग तुमचा चहा केला."

त्या दुपारी तिला वाटत होतं, की आपण मरतोय. भिंतीच्या पलीकडे, दहा पावलांवर. आणि मी तिने केलेला चहा पिऊन वहीत दोनचा आकडा लिहिला होता. मी रडलो. तिच्या भावाच्या घरी, त्या गारठलेल्या खोलीत, साठीचा माणूस नाक पुसत बसलो. तिने मानेवरचा ओला नॅपकिन काढून माझ्याकडे टाकला.

"पुसा," ती म्हणाली. "आणि सर्दी होईल तुम्हाला. पांघरूण घ्या."

त्या दिवशी ती आली नाही. "आणखी दोन दिवस राहते, वहिनीशी बोललं की धीर येतो," म्हणाली. मीही आग्रह केला नाही. आग्रह करायचं तोंडच नव्हतं. घरी येऊन रिमोट काढून तिच्या उशीशी ठेवला, फोनवरचा नियम पुसून टाकला. इलेक्ट्रिशियनला बोलावून चकती मधल्या भिंतीवर हलवली, छातीएवढ्या उंचीवर. त्याने जुनी भोकंही बुजवून दिली, भला माणूस. ती परत आली. ए.सी.ने तिचा त्रास थांबला असं नाही, थोडा हलका झाला. पहिल्या दिवशी तिने सोळावर ठेवला आणि मी दोन चादरी घेऊन झोपलो. वर्षानुवर्षं मिरवलेल्या थंडीची हौस अशी फिटली.

मग तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. बाई डॉक्टर, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी हृदयाची तपासणी केली, ठीक आहे म्हणाल्या. बायकोने इतका मोठा श्वास सोडला की मला तो ऐकू आला. दीड वर्षात ती पहिल्यांदाच पूर्ण श्वास घेत असावी. मग डॉक्टरांनी एकेक विचारायला सुरुवात केली. झोप कशी लागते, किती वेळा होतं, चिडचिड होते का, कधीपासून आहे. मला एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. ती सांगत होती आणि मी शेजारी बसून पहिल्यांदाच ऐकत होतो.

लिहिता लिहिता डॉक्टर थांबल्या आणि जरा रागावून तिला म्हणाल्या, "एवढे दिवस अंगावर काढलंत? आम्हाला नाही, निदान घरी तरी कुणाला सांगायचं की नाही, अक्का?"

आता ती सांगणार. सांगायलाच हवं होतं.

"सांगितलं होतं की," बायको म्हणाली. माझ्याकडे न बघता, अगदी सहज. "यांना पहिल्यापासून सगळं माहीत आहे. यांनीच तर आणलं मला."

डॉक्टर माझ्याकडे वळून हसल्या. "छान केलंत, सर. बहुतेक नवऱ्यांना पत्तासुद्धा नसतो."

मी मान खाली घातली आणि तिची पर्स दोन्ही हातांनी धरून बसून राहिलो.